अर्धं टेबल आणि अठरा हजार

सोनचाफ्याचा वास आला की मला सोळा नोव्हेंबर आणि अठरा हजार रुपये आठवतात. त्या सकाळी हजर होतो मी, बायको आणि फोनवर भुईगावच्या एका नवरीची आई. गोखिवऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सात बाय आठच्या खोलीत एकच टेबल होतं. एका बाजूला मी दुकानदारांचे हिशेब करायचो, दुसऱ्या बाजूला निर्मळ गावातल्या माहेरच्या वाडीतली सोनचाफ्याची फुलं मांडून बायको लग्नाच्या सजावटीची कामं शोधायची. दोन महिने एकही काम मिळालं नव्हतं. "हेही काम गेलं तर टेबल सगळं तुमचं," असं ती चहा पितानाच म्हणाली होती. त्या बाईंनी स्पीकरवर विचारलं, "किती घेणार?" बारा हजार सांगू की दहा, याचा बायको विचार करत होती, तेवढ्यात मी सवयीने समोरच्या बिलाचा आकडा मोठ्याने वाचला, "अठरा हजार." "अठरा?" बाई म्हणाल्या, "चालेल, पण मंडपाचं दारही त्यातच धरा हां." तो आकडा दुसऱ्याच बिलाचा होता हे सांगायला मी तोंड उघडलं, तर बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि सरळ बसून म्हणाली, "दार धरलं, नवरीची वेणीसुद्धा धरली." फोन ठेवल्यावर आम्हाला नाचायचं होतं, पण खोलीत तेवढी जागाच नव्हती, म्हणून बसल्या जागी हसत राहिलो. टेबल आजही अर्धंच माझं आहे. लग्नानंतर नवरीच्या आईने बायकोला पूर्ण अठरा हजार दिले, आणि त्यातले पाचशे बायकोने मला दिले, "भाव सांगणाऱ्याचे" म्हणून.