मधल्या सुट्टीतली भाषा

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटला बसची वाट पाहत उभी होते. समोरून दोन बस निघून गेल्या, त्या कुठल्या होत्या ते आजही सांगता येणार नाही... सकाळच्या उन्हात सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. आदल्या दुपारपर्यंत त्या शाळेत होत्या, आणि पहाटे झोपेतच गेल्या. त्याला आता सात आठवडे झाले.

सदाशिव पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या संस्कृत शिकवायच्या, मी भूगोल. सत्तावीस वर्षं त्यांनी ‘देवः देवौ देवाः’ एका सुरात घोकून घेतलं. मग एका मे महिन्यात त्या आयर्लंडला लेकीकडे गेल्या आणि परतल्या त्या वेगळ्याच तंद्रीत. नातीच्या शाळेत सगळं आयरिश भाषेत चालतं. घरी लेक-जावयाला त्यातलं अक्षर येत नाही. “पोरगी मैदानात पडली, गुडघा फुटला, आणि रडत रडत बाईंकडे तक्रार केली ती आयरिशमध्ये! अहो, माझ्या एका तरी मुलीनं आजवर संस्कृतात पाणी मागितलंय का?”

जूनपासून त्यांच्या तासाला मराठी बंद झालं. मुली आधी नुसत्या हसायच्या, मग गप्प बसायच्या. सहामाहीत गुण घसरले आणि पालक आले. “पैकीच्या पैकी मिळतात म्हणून घेतलाय हा विषय. संस्कृतात बोलायचं कुणाशी?” एका आईनं विचारलं.

“माझ्याशी,” ताई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी पालकांचीच बाजू घेतली. ताईंनी वाद घातला नाही. तासाला पुन्हा रूपं सुरू झाली. पण मधल्या सुट्टीत त्या जिन्याखालच्या खोलीत डबा घेऊन बसू लागल्या. जिला यायचं तिनं यावं, संस्कृतात जेवावं. पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. त्यांना एकटं बसलेलं बघवेना म्हणून मीच जायचे, आणि ‘लवणम्’ म्हटल्याशिवाय मला मीठ मिळायचं नाही... पुढे दोघी आल्या, मग नऊ. मी बाजूला झाले. दारातून दिसायचं, मुली चुकतमाकत बोलताहेत आणि ताई काहीही दुरुस्त न करता डोळे मिटून ऐकताहेत, लांबून येणारं गाणं ऐकावं तशा.

मागच्या आठवड्यात मी जिना उतरत होते. नळापाशी आठवीतल्या दोघी माझ्याकडे बघून कुजबुजल्या, “पश्य, सः एव शाटिका!” बघ, तीच साडी. लिंग चुकलं होतं, निरीक्षण अचूक होतं. भूगोलाच्या बाईंना हे काय कळणार, अशी त्यांची खात्री; मीही तसाच चेहरा ठेवला. कधी एकदा ताईंना सांगते असं झालं. भराभर शिक्षकखोलीत गेले, दारातूनच “अहो ताई” म्हणून हाक मारली...

खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर ऊन पडलं होतं. मी शेजारच्या खुर्चीत बसले, आणि घडलेलं सगळं हळू आवाजात सांगून टाकलं.