चोचवलेली काकडी

मी हट्टी आहे. माहेरी विचारा, सासरी विचारा, कुणीही सांगेल. पण गेल्या उन्हाळ्यात माझी गाठ माझ्याहून हट्टी माणसाशी पडली, ती म्हणजे माझ्या सासऱ्यांशी.

त्यांचं गाव सांगोल्याकडं. सगळा जन्म शेरडं राखण्यात गेला. ऊन लागून तापले म्हणून आम्ही त्यांना सोलापूरला घरी आणलं. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. आंबट-खारट काही कळेना, भाकरी मातीसारखी लागते म्हणायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोटात अन्न जायला लागलं की खुशाल गावी जाऊ द्या. नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल." आणि सासरे रोज एकच विचारायचे, "मला गावाकडं कवा सोडताय?" सासूबाई तिकडं शेरडांपाशी एकट्या. दुपारी त्यांचा फोन यायचा, "खाल्लं का त्यांनी?" रोज नाही म्हणताना माझा जीव तुटायचा.

पेज झाली, खिचडी झाली. शेवटी मला आईच्या हातची खमंग काकडी आठवली. काकडी, दाण्याचं कूट, लिंबू, वरून जिरं-मिरचीची फोडणी. सकाळीच सगळं कालवून झाकून ठेवलं आणि तिथंच घोळ झाला. वाढेपर्यंत काकडीला पाणी सुटलं, कुटाचा लगदा झाला. सासऱ्यांनी बोटानं ताट सरकवलं.

"पाला खायला मी काय शेरडू हाय व्हय? आन शेरडूबी शिळं खात न्हाय, पोरी."

मी जाम चिडले. चार भांडी आपटली. मग वाटलं, बोलले ते खरंच आहे की.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी सगळं सामान त्यांच्या खाटेपुढंच मांडलं. काकडी सोलली, हातात उभी धरली आणि सुरीनं टचाटच उभे घाव घालत फिरवली. मग वरून पातळ कापत गेलं की बारीक चुरा पडतो. याला काकडी चोचवणं म्हणतात. किसली की तिचं पाणी होतं, चोचवली की कुरकुरीत राहते. सासरे तिरप्या नजरेनं बघत होते.

"हात कापून घेशील."

"नाही कापत. तुम्ही नुसतं बघू नका मामा, एवढे दाणे चोळून द्या."

नुकतेच भाजलेले शेंगदाणे पाखडायच्या सुपात घालून मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. हा माझा डाव होता. गरम दाणे चोळायचे, फोलपटं फुंकायची आणि एकही दाणा तोंडात टाकायचा नाही, असा माणूस आमच्या सोलापूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. त्यांनी चोळले, फुंकले आणि एक दाणा गेला तोंडात. थोड्या वेळानं दुसरा. मी मान वर केली नाही, हसू मात्र आवरेना.

कूट खलबत्त्यात कुटलं, लिंबू पिळलं, कोथिंबीर घातली, चरचरीत फोडणी ओतली आणि वाटी तशीच त्यांच्या हातात दिली. एक घास घेतला. चावला. थांबले.

"मीठ न्हाय की ह्यात."

गडबडीत मी मीठच विसरले होते. आणि ज्या जिभेला इतके दिवस काही कळत नव्हतं, तिनं माझी चूक बरोबर पकडली होती. कुणी नावं ठेवल्यावर एवढा आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नाही. धावत जाऊन मीठ आणलं. त्यांनी ती वाटी संपवली, वर अर्धी भाकरी खाल्ली आणि राहिलेलं कूट बोटानं पुसून घेतलं.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. म्हटलं, "आत्या, मीठ नाही म्हणून आज बोलणी खाल्ली मी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मग दे की त्यांना पाठवून. हितं शेरडं वरडत्यात."