सुताचे बोळे

सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, भरदुपारी, मल्लिनाथ ड्रमच्या मागे बसलाय. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला जुन्या चादरी ठोकल्यात, त्यातल्या एकीला डोकं टेकून. कानात सुताचे बोळे, सरावाला घालतात ते, अजून तसेच. कित्येक दिवस धड झोप नाही. आता पापण्या मिटतायत, आणि चादरीवरचा मोर मान वळवतो.

मोराच्या जागी नरसिंग उभा आहे. त्यांच्या मेटल बँडचा गायक, विणकराचा पोरगा, तुटलेलं सूत एका हातानं गाठ मारून सांधणारा. उन्हाळ्यात त्यानं जीव दिला, तेव्हा गल्ली म्हणाली, त्या राक्षसी गाण्यांनीच पोराला खाल्लं. थोबाड फोडावं असली माणसं. त्या गाण्यांवरच तो इतकी वर्षं तगला होता.

"चहा पाजतो का बे, मल्ल्या?"

"मेलेल्याला कसला चहा?"

"तू तरी कुठं प्यायलास सकाळपासून?"

दोघं शेडचं दार ढकलतात तर बाहेर गल्ली नाहीच, सरकारी दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा आहे. बाकड्यांवर माणसांऐवजी स्पीकर बसलेत. एवढं सोसत होतास तर सांगायचं नाही का एकदा, मल्लिनाथ चिडून विचारतो.

"सांगत होतो की. घसा फाटेस्तोवर. शेवटच्या गाण्यात काय म्हणायचो मी?"

मल्लिनाथ आठवून बघतो. नरसिंग श्वास कुठं घेतो ते त्याला पाठ आहे, आपण कुठं हाणायचं तेही. शब्द मात्र एकही नाही. त्या किंकाळीत शब्द कुणालाच कळत नसत, आणि विचारलंही कुणी नाही. एकदा तर गाणं संपल्यावर नरसिंग रडत उभा होता. गिटारवाला म्हणाला, जबरी झालं, अस्संच परत घेऊ. मल्लिनाथनं काठ्या वर धरून ठेका मोजला होता.

नरसिंग रागावत नाही. तेच सोसत नाही.

व्हरांडा संपतो तिथं मंच आहे, समोर रिकाम्या खुर्च्या. नरसिंग माइक पुढं करतो. मल्लिनाथ सवयीनं काठ्या शोधतो.

"वाजवू नको. साध्या आवाजात बोल. माझ्यासारखं गाण्यात गुंडाळलंस तर लोक टाळ्या वाजवून घरी जातात."

त्याची थंडगार बोटं मल्लिनाथच्या कानाला लागतात.

"मल्लू, बरं वाटत नाही का रे?"

शेडच्या दारात थोरली बहीण उभी आहे, हातात चहाची किटली. रोज हेच विचारते ती. रोज हा कानातले बोळे न काढता मान हलवतो. आज प्रत्येक शब्द लख्ख ऐकू येतो.

"अक्का," तो म्हणतो. "मला जगावंसं वाटत नाहीये."

किटली खाली ठेवून ती त्याच्याजवळ फरशीवर बसते. त्याची आवळलेली मूठ हातात घेऊन सोडवते. आत दोन्ही बोळे आहेत, ओलसर, एकमेकांना बांधलेले. गाठ विणकराची आहे. ती मल्लिनाथला आयुष्यात कधी जमलेली नाही.