इंजिनाच्या दिव्याची वायर

माझी जुनी गाडी बघणारा मिस्त्री बजाजनगरला भाड्याच्या शेडमध्ये बसतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनर जोडण्याआधी तो गाडीलाच विचारतो, "काय दुखतंय, बाई?" मी हिशेबी माणूस, सेन्सर खरंच गेला का ते दोनदा विचारतो. तोही न चिडता दोनदा दाखवतो.

गेल्या दुष्काळात मी गाडी घेऊन शेडबाहेर थांबलो होतो. आत शेडच्या मालकाची गाडी होती; त्याला ती विकायची होती, पण तिचा इंजिनाचा दिवा विझत नव्हता. "सेन्सर राहू दे, दिव्याची वायर तोड," तो म्हणाला.

"नाय मालक. घेणारा लेकरं घेऊन बसंल. घाटात बंद पडली तर?"

"शेड माझं हाय. बोअरचं पाणीबी माझंच."

"व्हय. पण हात माझे हायेत." त्यानं किल्ली परत दिली.

मालकानं जाताना नळाला कुलूप घातलं. मिस्त्रीनं काळे हात चिंधीला पुसले आणि मला मोठ्यानं म्हणाला, "आना साहेब, तुमची गाडी आत!"