उलट्या मोराची प्रत

नऊ वर्षं मी कळंबला गेलो नव्हतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात जगदाळे वहिनींचा फोन आला, "भावजी, सर गेलं श्रावणात. तिकिटांचा अल्बम तुमालाच द्यायचा म्हणून ह्यांनी सांगितलंय." जगदाळे सर, माझे जुने स्नेही, गेले आणि मला तीन महिन्यांनी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी काढली.

पुण्याहून इंदापूर तालुक्यातल्या या कळंबला जाणाऱ्यांसाठी सांगतो, घाई असेल तर सोलापूर हायवेने पाटसपर्यंत जा आणि तिथून बारामतीला वळा. मला घाई नव्हती. खरं तर पोचायचंच नव्हतं, म्हणून दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव असा लांबचा रस्ता धरला. सासवडला नव्वद रुपयांची मिसळ मागवली आणि अर्धी टाकली. मिसळ चांगली होती, तुम्ही जरूर खा. लोणी भापकरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ओव्हरटेक करायची सोय नाही. या दिवसांत निघणार असाल तर एक तास जास्तीचा धरा.

माझं काम जुन्या टपाल तिकिटांची प्रत ठरवण्याचं. पुण्यात एका लिलाव करणाऱ्या संस्थेसाठी मी भिंग घेऊन बसतो. चारी बाजूंचा कोरा समास सारखा आहे का, कडेचे दाते शाबूत आहेत का, मागचा मूळ डिंक कुणी धुतलाय का, डाग आहे का, हे बघायचं आणि एक शब्द लिहायचा. त्या एका शब्दावर बोली ठरते. तेच तिकीट अव्वल असेल तर दोन संग्राहक हमरीतुमरीवर येतात. डाग निघाला की दहावा हिस्साही कुणी देत नाही.

हे वाचून तुम्हाला गंमत वाटत असेल, तर बारामती-इंदापूर रस्त्यावर, लासुर्ण्याच्या अलीकडे डाळिंबाचा माल निवडताना बघा. मी पाय मोकळे करायला थांबलो होतो. मुंडाशातले एक आबा फळं हातात फिरवून वेगवेगळ्या क्रेटमध्ये टाकत होते. चांगलं टपोरं फळ त्यांनी बाजूला टाकलं.

"ते का टाकलंत, आबा?"

"डागी हाय. ह्यो बघा ठिपका."

"आत खराब असेल?"

"आत कशाला खराब असंल? दाणं तेच हायती. पर बाजारात आत कोण बघतंय?" असं म्हणून त्यांनी तेच फळ फोडून माझ्या हातावर ठेवलं. पैसे घेतले नाहीत. दाणे गोड होते.

डागी हा सरांचाही आवडता शब्द. ते कळंबजवळच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि जगातल्या प्रत्येक वस्तूला पेन्सिलीने प्रत द्यायचे. वहिनींच्या लाडवांच्या डब्यावर चिठ्ठी लावायचे, 'प्रत : अव्वल, दोन डागी'. त्यांच्याकडे एकच तिकीट खरं मोलाचं होतं. एका जुन्या संस्थानाचं, मधला मोर छपाईत चुकून उलटा पडलेलं, म्हणून दुर्मीळ. न वापरलेलं, मागचा डिंक जसाच्या तसा. मी स्वतः भिंगाखाली बघून अव्वल म्हटलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी ते लिलावात द्यायचं ठरलं. यादी छापून झाली. मुखपृष्ठावर मोर. दिवाळीनंतर चार दिवसांनी सरांचा फोन आला, "तिकीट देत नाही." का, ते सांगेनात. माझी नाचक्की झाली. मी चिडून पत्र लिहिलं. त्यात होतं, 'तिकिटाची प्रत राखता आली, शब्दाची राखता आली नाही.' ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झालो होतो, हे आज कबूल करतो. सरांचं उत्तर आलं नाही आणि मीही पुन्हा कधी विचारलं नाही.

जंक्शन नावाच्या गावावरून वालचंदनगरकडे वळलं की कळंब लांब नाही. वहिनी ओट्यावरच उभ्या होत्या. खूप वाळल्या होत्या.

"या भावजी. उशीर केलासा," एवढंच म्हणाल्या. प्रवासाबद्दल म्हणाल्या की नऊ वर्षांबद्दल, मला विचारवलं नाही.

पिठलं आणि बाजरीची भाकरी झाल्यावर त्यांनी कपाटातून अल्बम आणला. पहिल्याच पानावर पारदर्शक पाकिटात मोर होता. आणि मोराच्या बरोबर मध्ये बोटाच्या टोकाएवढा डाग. हळदीचा पिवळा, त्यात कुंकवाचा लाल, कागदात पार मुरलेला.

"वहिनी, हे..."

"मीच लावलं," त्या कौतुकाने म्हणाल्या. "सर तवा डेंग्यूनं बारामतीला दवाखान्यात व्हते. मी एका दिसासाठी घरी आले, लक्ष्मीपूजनाला. ह्ये म्हणायचे, ही आपल्या घरातली लक्ष्मी. मग तिला बिनपुजेची कशी ठिवायची? पाकिटातनं काढली, पाटावर ठिवली, हळदीकुंकू वाहिलं."

"सर काय म्हणाले?"

"दवाखान्यातनं आले, बघितलं, आन् अल्बम मिटून कपाटात ठिवला. मग म्हणले, बरं केलंस. त्यानंतर कुणाला दाखवलं बी न्हाय बघा. लई जीव व्हता त्यांचा त्याच्यावर."

पानाच्या खाली सरांचं पेन्सिलीतलं अक्षर होतं. 'प्रत : अव्वल.' ते खोडलेलं नव्हतं. फक्त पुढे लिहिलं होतं, 'विकणे नाही.'

 सरांनी मला खरं कारण सांगितलं असतं, तर मी ते लिलावाच्या मंडळींना सांगितलं असतं, ते आणखी चार जणांना, आणि त्यांच्या हळदीकुंकवानेच तिकिटाचं मोल गेलं, हे फिरत फिरत वहिनींपर्यंत आलं असतं. म्हणून ते गप्प राहिले आणि माझी शिवी खाल्ली.

"भावजी, चांगलं हाय न्हवं अजून?" वहिनींनी विचारलं. "डागी तर न्हाय झालं?"

मी भिंग काढलं. उगाच दोन मिनिटं बघत बसलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कधी खोटी प्रत लिहिली नव्हती.

"अव्वल आहे, वहिनी."

त्या समाधानाने आत गेल्या आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "घरातली लक्ष्मी जायला निघाली, तशीच कशी धाडू?" त्यांनी बोट ओलं केलं. मी आयुष्यभर लोकांना तिकिटाला उघड्या हाताने शिवू नका म्हणून ओरडत आलोय. मीच पाकिटातून मोर काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी जुन्या डागावरच नवं बोट टेकवलं.

परतताना इंदापूरवरून हायवे धरला. भिगवणला मासे खायला लोक मुद्दाम येतात, मी थांबलो नाही. उजनीचं पाणी दिसलं तेवढंच. पाटसच्या टोलनाक्यावर मागच्याने हॉर्न वाजवल्यावर कळलं, फाटक केव्हाचं उघडलंय.

घरी येऊन अल्बम नीट लावायला घेतला. मोराच्या पाकिटामागे घडी केलेला कागद होता. माझंच पत्र. जिथे घडी पडते तिथे पार झिजलेलं, म्हणजे अनेकदा उघडलेलं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं :

'प्रत : डागी. मित्राचे आहे, जपून ठेवणे.'