ठुमकीच्या कपाळावरचं तांबं

मला कोणी ‘पेंटर’ म्हटलं की माझं डोकं सणकतं. मी ड्राफ्ट्समन होतो. जमिनीतून निघालेल्या पुराणवस्तूंची मोजूनमापून चित्रं काढायची, हे माझं काम. दुकानांच्या पाट्या रंगवायचं नव्हे. पण धरमपेठेच्या टांगा स्टँडवरचा चंपतराव मला पहिल्या दिवसापासून ‘पेंटरसाहेब’ म्हणे, आणि मी कितीही चिडलो तरी तो बधला नाही.

चंपतराव पन्नाशीचा, बुटका, आवाजानं मात्र सहा फुटी. सकाळी शाळेच्या पोरी, मग माझे ड्रॉइंग बोर्ड आणि मी, आणि लग्नसराईत वराती. त्याची घोडी नवरदेव पाठीवर बसला की आपणच लचकत चाले, म्हणून तिचं नाव ठुमकी. तिच्यावर बसून गेलेल्या एकाही नवरदेवाचं सासरी वाकडं झालं नाही, असं तो छातीठोक सांगे. खरंखोटं ते नवरदेव जाणोत.

१९७१च्या हिवाळ्यात आमच्या खात्यानं बुटीबोरीपलीकडच्या एका शिवारात खोदकाम काढलं. तिथं मोठाल्या दगडांची वर्तुळं होती. गावकरी म्हणत, ही गवळी राजाची वरात. देवळापुढून जाताना नवरदेव घोडीवरून उतरला नाही, म्हणून वऱ्हाडासकट सगळ्यांचे दगड झाले. आमचे मोठे सर हे ऐकून हसले आणि खोदायला लागले. एका वर्तुळाखाली अडीच हजार वर्षांपूर्वी पुरलेला माणूस निघाला आणि त्याच्या शेजारी खरोखरच एक घोडी! तिच्या दातांत लगामाचं लोखंडी कडियाळं होतं, आणि डोक्याजवळ तांब्याचा एक लांबट, नक्षीदार पत्रा. गावकऱ्यांनी सरांकडे असं पाहिलं की सरांनी टोपी नीट करण्याचं निमित्त काढलं.

धरमपेठेतल्या एका हॉलात रविवारी प्रदर्शन भरायचं होतं. पुण्याहून विद्वान येणार होते. घोडीचं प्लॅस्टरचं डोकं करून त्यावर तो पत्रा कायमचा बसवायचा आणि मागं तिचं सहा फुटी चित्र लावायचं, ही कामगिरी माझ्यावर. महिनाभर राबून मी चित्र पुरं केलं होतं. पत्रा चिकटवायचा तेवढा बाकी होता.

गुरुवारी बोर्ड कचेरीत आणून ठेवताना चंपतराव त्या चित्रापुढं थबकला.

“पेंटरसाहेब, हे काय करून राहिले तुमी? पत्रा उलटा लावला ना!”

“काय उलटा?”

“घोडीचं कपाळ रुंद रायते, तोंड निमुळतं. तुमी पत्र्याचं निमुळतं टोक कपाळावर चढवलं.”

“तो तुरा आहे,” मी म्हणालो. “आणि रुंद बाजूच्या त्या दोन खाचा नाकपुड्यांसाठी आहेत.”

“नाकपुड्या? डोये आहेत जी ते!”

माझा पारा चढला. “चंपतराव, तू अडीच हजार वर्षांपूर्वीची घोडी पाहिलीस का?”

“नाई जी. पण तुमी आजची तरी पायली का?”

मी त्याला बाहेर काढलं. खरं सांगायचं तर दहा वर्षं घोडीमागं बसून मी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. चित्र काढलं होतं ते एका पुस्तकातून. पण महिन्याची मेहनत एका टांगेवाल्याच्या शब्दावर पाण्यात घालायची?

चंपतराव तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेला. “साहेब, रविवारी सारं जग येऊन पायीन, अन् त्या बिचारीचे डोये झाकलेलेच रायतील. एक डाव ठुमकीवर लावून पाहा. माह्यं खोटं निघालं तं उद्यापासून या दारात टांगा आणत नाई.”

सर मुळात कुतूहलाचे. त्यांनी तेलाच्या रिकाम्या पिप्याच्या पत्र्यातून हुबेहूब नक्कल कापून घेतली, कडांना चिंध्या लावल्या आणि आम्ही अंगणात लिंबाखाली जमलो. आधी माझी पद्धत. ठुमकी फुरफुरली, दणदणीत शिंकली, तिनं मान झटकली आणि पत्रा उडून सरांच्या पायाशी पडला. मग चंपतरावानं तो फिरवून बांधला. रुंद बाजू कपाळावर चपखल बसली, खाचांतून दोन डोळे टकमक बघायला लागले आणि ठुमकी निवांत हरभरा खाऊ लागली.

“तिनं तुम्हाला नापास केलं हो,” सर म्हणाले.

लाजेनं माझे कान तापले. पण त्या पिप्याच्या दागिन्यात ठुमकी अशी काही ऐटीत उभी होती की मलाच हसू फुटलं, आणि मग ते आवरेना.

चंपतरावानं विचारलं, “साहेब, ती तिकडची मालकाजवळ कशी काय मेली?”

“मारून पुरली असावी. तशी रीत होती.”

तो ठुमकीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. “मालक मेला तं घोडीचा काय गुन्हा?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पेंटरसाहेब, तिले चांगली काढा. जिती काढा.”

शनिवारची वरात त्यानं दुसऱ्या टांगेवाल्याला देऊन टाकली. दोन दिवस ठुमकी माझ्यापुढं उभी होती आणि मी भुकेजल्यासारखा काढत होतो. असं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

रविवारी हॉल खच्चून भरला. ते गावकरीही बैलगाड्या जोडून आले होते. आपल्या वरातीची घोडी पाहायला आलो, असं ते दारातच सांगत होते. चंपतराव बायकोला, जिजाबाईला, घेऊन आला. तिनं चित्र पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. “अवं माय! ही तं आपली ठुमकी!”

पुण्याचे विद्वान चित्राजवळ जाऊन चष्म्यातून बारीक पाहत होते. पत्रा त्यांना पटला. मग त्यांनी बोट वर नेलं. “हिचा डावा कान फाटलेला दाखवलाय. याला पुरावा काय?”

मी चित्राकडे पाहिलं. ठुमकीचा कान कधीतरी काटेरी तारेत फाटला होता, आणि डोळ्यांना दिसलं ते हातानं इमानदारीनं उतरवलं होतं. सर छताकडे बघू लागले.

तेवढ्यात गर्दीतून तो सहा फुटी आवाज आला.

“पुरावा भायेर बांधला आहे जी. या, दाखवतो.”

विद्वान खो खो हसले आणि सगळ्यांआधी तेच बाहेर निघाले. त्यांच्यामागं सर, गावकरी, बायका, सगळा हॉल. माझ्या सहा फुटी चित्रापुढं एक माणूस उरला नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. मीही चपला न घालताच धावलो.