पाचांचा अर्ज

“तिथं नको बसू, तिथं मानूस हाय.”

ठाण्याच्या आमच्या घराच्या ओटीवर, भर दुपारी, अर्जासाठी आलेला एक जण बाबांच्या एका अशिलाला सांगत होता. कोपरं अंगाशी घेऊन तो बाकाच्या टोकाला बसला होता. बाकी बाक रिकामं होतं. मी दाराआडून पाहत होते.

तो कोलशेतच्या मिठागरावरचा. त्याला भुवया नव्हत्या, पापण्यांचे केसही नव्हते. कुठे आग लागली की तो आणि त्याचे चार सोबती आपणहून विझवायला धावत. होळीच्या सुमारास गवताच्या गंजींना लागलेल्या आगीत ते चौघे गेले. आता दिवाळी जवळ आली होती, तरी त्याच्या अंगाला ताज्या धुराचा वास येत होता.

अशा माणसांना सरकारने बंब आणि औषधपाणी द्यावं, मेलेल्यांच्या घरच्यांना आधार द्यावा, असा अर्ज बाबा कलकत्त्याच्या लाटसाहेबांना करत होते. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, म्हणून इंग्रजी प्रत मी दारातच बसून लिहीत होते.

“अर्जदार एकच लिही,” बाबा म्हणाले. “मेलेल्यांची नावं सरकार घेत नाही.”

“वकीलसाहेब, आगीवरनं निंगताना आमी डोकी मोजतो. पाच भरल्याबिगर कोन घरला जात नाय,” तो हळूच म्हणाला. “मी अजून गेलो नाय.”

त्याने सांगितलेली चारही नावं मी त्याच्या नावाखाली लिहिली. आगीत मेले, असंही लिहिलं.

तो माझ्याकडे पाहत होता. “किती झाले, ताय?”

परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. रिकाम्या बाकाकडे पाहत मी म्हणाले, “पाच भरले, दादा. आता घरी जा.”